श्रुतिकेचे अंदाजपत्रक: इंदूरमधील एका लोकवर्गणीचा जमाखर्च

इंदूरची हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि तेथील कामगारांच्या थकलेल्या देण्यांची २२४ कोटी रुपयांची रक्कम डिसेंबर २०२३ मध्ये त्यांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या वाट्याला आली. मधल्या बत्तीस वर्षांत या शहरातील कितीतरी मराठी घरांमध्ये 'मिलचे पैसे' हा विषय जेवणाच्या ताटावर रोज निघत राहिला. त्याच काळावर, साळखात्यातील (कापड विणण्याच्या विभागातील) एका जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, काल्पनिक कुटुंबाभोवती फिरणारी, प्रत्येकी पंचवीस मिनिटांच्या सहा भागांची श्रुतिका-मालिका, म्हणजे केवळ ऐकायचे नाटक, करावी असे आम्हा तिघा भागीदारांनी ठरवले. प्रायोजक शोधण्याऐवजी ऐकणाऱ्यांकडूनच वर्गणी गोळा करावी, हेही त्याच बैठकीत ठरले. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत निघणाऱ्या मिलच्या झांक्या (चलत्देखावे) ज्या शहरात कामगारांच्या वर्गणीवर उभ्या राहिल्या, तेथे लोकांकडे हात पसरण्यात आम्हांला संकोच वाटला नाही. प्रश्न होता तो किती मागायचे, आणि मागताना काय सांगायचे, याचा.

पहिल्याच चर्चेत दीड लाख हा आकडा पुढे आला. तो कोणत्याही खर्चातून निघालेला नव्हता. 'एवढे सहज जमतील' या अंदाजातून तो निघाला होता. लोकवर्गणीच्या अनेक मोहिमांमध्ये हेच घडते असे माझे निरीक्षण आहे. आधी जमण्याजोगा वाटणारा आकडा ठरतो, मग खर्च त्यात बसवला जातो, आणि जो खर्च बसत नाही तो माणसांच्या मानधनातून कापला जातो. माइकचे भाडे कमी होत नाही, स्टुडिओवाला तास कमी लावत नाही, पण नट, लेखक आणि ध्वनिसंयोजक 'आपलेच' असतात. इंदूरची मराठी रंगभूमी मुख्यतः हौशी आहे, कचेरीतून सुटून रात्री तालमीला येणाऱ्यांनी ती टिकवली आहे, आणि तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. तरीही ज्या कथेचा विषयच न मिळालेली मजुरी हा आहे, ती कथा फुकटच्या श्रमावर उभी करणे मला मान्य होण्याजोगे नव्हते. म्हणून मी एक अट घातली: लोकांना दाखवायचा कागद आणि आम्ही खर्च करताना समोर ठेवायचा कागद एकच असेल, आणि प्रत्येक कामासमोर त्याचे खरे मोल लिहिलेले असेल.

अंदाजपत्रक करण्याचे काम मी संहितेच्या शब्दसंख्येपासून सुरू केले. मराठी संवाद मिनिटाला सुमारे १३० शब्दांच्या गतीने बोलले जातात, त्यामुळे विराम आणि ध्वनिप्रसंग धरून पंचवीस मिनिटांच्या भागाला तीन हजारांच्या आसपास शब्द लागतात. त्यावरून लेखनाचे प्रत्येक भागाला ८,००० याप्रमाणे ४८,००० रुपये ठरले. दिग्दर्शनाला ३०,००० आणि नऊ नटांना मिळून ६०,००० धरले. त्यांपैकी सहाही भागांत असलेल्या दोघांना भागामागे २,००० प्रमाणे प्रत्येकी १२,०००, आणि उरलेल्या सातजणांत भूमिकेच्या लांबीप्रमाणे ३६,००० अशी विभागणी होती. स्टुडिओचे ताशी ७०० रुपये जीएसटीसह होते. भागाला सहा तास धरले की छत्तीस तासांचे २५,२०० होतात. आमची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या फार खाली असल्याने आम्ही नोंदणी केलेली नाही. त्यामुळे बिलात भरलेला जीएसटी वळता करून मिळत नाही आणि तो खर्चातच धरावा लागतो. स्टुडिओचा दर विचारताना 'करासह की कराशिवाय' हे विचारलेच पाहिजे.

सर्वांत कमी लेखले जाणारे काम ध्वनिसंयोजनाचे आहे. ऐकणाऱ्याला पावले, दाराची कडी, कपबशी आणि दूरवर वाजणारा मिलचा भोंगा सहज ऐकू येतात. पण एका मिनिटाच्या गजबजलेल्या प्रसंगासाठी संपादन, ध्वनींची निवड, त्यांची मांडणी आणि अखेरचे मिश्रण धरून तासाहून अधिक वेळ जातो. आमच्या ध्वनिसंयोजकांशी बोलून तयार मिनिटाला ४०० रुपये असा दर ठरला, म्हणजे दीडशे मिनिटांचे ६०,०००. ही रक्कम नऊ नटांच्या एकत्रित मानधनाइतकी कशी, असे एका भागीदाराने विचारले. मी त्याला नमुन्याचा एक प्रसंग आधी नुसत्या संवादांच्या कोरड्या आवाजात आणि मग संयोजनासह ऐकवला, आणि तो प्रश्न तेथेच मिटला.

संगीताला २५,०००, तालमींचा चहा-नाश्ता आणि येण्याजाण्याचा खर्च १४,०००, मुखचित्र व लिखित संहिता संकेतस्थळावर चढवण्याचे १०,०००, वकील आणि सीए यांचे १२,००० आणि भाग साठवून प्रसारित करणाऱ्या सेवेचे वर्षाचे ६,००० धरले. उरला मागांचा आवाज. इंदूरच्या मिलमधले माग कधीच भंगारात गेले, आणि इंटरनेटवर मिळणाऱ्या ध्वनींपैकी अनेकांच्या परवान्यात व्यावसायिक वापराला मनाई असते. वर्गणी घेऊन केलेली निर्मिती त्या मनाईत येते की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा स्वतःचा आवाज मुद्रित करणे बरे, असे ठरवून बुऱ्हाणपूरला यंत्रमागांचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी ९,००० रुपये ठेवले. सगळी बेरीज २,९९,२०० झाली.

त्यावर दहा टक्के आकस्मिक खर्च, म्हणजे २९,९२०, धरल्यावर रक्कम ३,२९,१२० झाली. आकस्मिक खर्चाची ओळ लोकांना दाखवावी की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला, कारण वर्गणी देणाऱ्याला तो 'वर काढलेला' पैसा वाटेल अशी भीती होती. मी ती दाखवण्याच्या बाजूने होते. ती दाखवली नाही तर ती कोठेतरी लपवावी लागते. मग स्टुडिओचे तास फुगवले जातात, संगीताचा दर वाढवला जातो, आणि पुढे हिशेब विचारला की त्या फुगवलेल्या ओळींचे समर्थन करता करता नाकी नऊ येतात. आम्ही ती ओळ ठेवली आणि तिच्यातून एक रुपया जरी खर्च झाला तरी कारणासह कळवू, असे खाली लिहिले.

वर्गणीच्या बदल्यात द्यायच्या भेटींचाही खर्च असतो, आणि तो मूळ रकमेतून जातो हे विसरून चालत नाही. सातशे रुपये देणाऱ्याला आम्ही संहितेची छापील पुस्तिका देणार होतो. छपाई, पाकीट आणि टपाल मिळून एका पुस्तिकेला १६७ रुपये येत होते. ज्या ऑनलाइन मंचावरून वर्गणी गोळा करायची त्याची कपात ८३ रुपयांची. म्हणजे सातशेतले श्रुतिकेसाठी हाती उरणार जेमतेम साडेचारशे. चहाचे मग, टी-शर्ट, स्मृतिचिन्हे अशा सूचना आल्या होत्या, त्या या एका गणितानंतर मागे पडल्या. पुस्तिकांसाठी २६,००० धरले आणि हातात पडायला हवी अशी रक्कम ३,५५,१२० वर आली.

आता मंचाच्या शुल्काचा भाग येतो, आणि येथे मी जरा थांबणार आहे, कारण हिशेब नेमका याच ठिकाणी कमी पडतो. अमेरिकेतील किकस्टार्टर २००९ पासून या क्षेत्रात आहे, पण भारतात राहणाऱ्यांना त्यावर स्वतःचा प्रकल्प मांडता येत नाही, म्हणून आम्ही देशातील एक मंच निवडला. त्याचे शुल्क ८ टक्के आणि पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचे २ टक्के होते. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे प्रत्यक्ष कपात ११.८ टक्के होते. ३,५५,१२० वर ११.८ टक्के वाढवले तर ३,९७,०२४ येतात, आणि हे उत्तर बरोबर वाटते. परंतु मंच ११.८ टक्के कापतो ते जमलेल्या पूर्ण रकमेवर. ३,९७,०२४ मधून कपात झाल्यावर हातात ३,५०,१७५ येतात, म्हणजे जवळपास ५,००० रुपये कमी. म्हणून वाढवायचे नसते, कपातीनंतर रुपयातून उरणाऱ्या ०.८८२ ने भागायचे असते. भागाकार ४,०२,६३० च्या आसपास आला आणि आम्ही ४,०३,००० हे लक्ष्य जाहीर केले.

दीड लाखांवरून चार लाख. भागीदारांचे चेहरे उतरले हे खरे. मात्र मंचावर दोन पर्याय होते: जमेल तेवढे घ्यायचे, किंवा लक्ष्य पूर्ण झाले नाही तर सर्वांचे सर्व पैसे परत करायचे. आम्ही दुसरा निवडला. दोन लाख जमले असते तर सहापैकी तीन भाग झाले असते असे कोणाला वाटेल. पण संगीत, करार, बुऱ्हाणपूरचा प्रवास हे खर्च भागांच्या संख्येप्रमाणे कमी होत नाहीत, आणि अर्धवट सोडलेली कथा कोणाच्याही कामाची नसते. जे पुरेसे नाही ते घ्यायचेच नाही, ही भूमिका लोकांना पटवून देणे मला सोपे गेले.

मोहीम एप्रिलमध्ये सुरू करण्याचे कारणही हिशेबाचेच होते. आमच्या सीएंनी पहिल्याच भेटीत सांगितले की या पैशाला वर्गणी म्हटले तरी कराच्या दृष्टीने ते संस्थेचे उत्पन्न आहे, देणाऱ्याला देणगीवरची ८०-जीची करसवलत मिळणार नाही, आणि भागीदारी संस्थेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के आयकर व त्यावर उपकर लागतो. पैसे फेब्रुवारीत जमले आणि खर्च मे महिन्यात झाला तर ३१ मार्चला कागदावर मोठा नफा दिसेल आणि नटांसाठी ठेवलेल्या पैशातून कर भरावा लागेल. म्हणून जमा आणि खर्च एकाच आर्थिक वर्षात बसतील अशी आखणी केली. एका वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक व्यावसायिक मानधन दिले तर संस्थेने १० टक्के कर कापायचा असतो. ध्वनिसंयोजकांच्या ६०,००० मधून ६,००० कापले जातील आणि हातात ५४,००० येतील, हे त्यांना करारावर सही करण्यापूर्वीच सांगितले.

परदेशातील मंडळींचा प्रश्न नाजूक होता. इंदूरच्या रामबागेत, लोकमान्य नगरात वाढलेली कितीतरी मुले आता अमेरिकेत आहेत आणि त्यांना या विषयाचा जिव्हाळा आहे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेले पैसे परकीय योगदान ठरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे मात्र, तो मूळचा इथलाच असला तरी, ठरू शकतात आणि त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. भेट म्हणून पुस्तिका दिली तर तो विक्रीचा व्यवहार होतो असाही युक्तिवाद आहे. पण एवढ्याशा संस्थेने तो वाद अंगावर घेऊ नये असे ठरवून आम्ही परदेशी नागरिकांना विनम्र नकार कळवला. एका सद्गृहस्थांनी मोठी रक्कम देऊन नफ्यात वाटा मागितला, त्यांनाही नाही म्हणावे लागले, कारण लोकांकडून परताव्याच्या आश्वासनावर पैसे घेणे हा सेबीच्या, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामकाच्या, कक्षेतला विषय आहे.

मोहीम सुरू झाल्यावर सर्वाधिक प्रश्न मानधनावर आले. एका निवृत्त काकांनी फोन करून विचारले, "अहो ताई, आम्ही सानंद संस्थेच्या नाटकांना तिकीट काढून येतो, ते ठीक. पण आपली मुले घरचे कार्य समजून करतात, त्यांना पैसे कशाला? आणि दिग्दर्शनाला तीस हजार?" मी त्यांना दिग्दर्शिकेच्या कामाचे तास सांगितले: वाचन, पात्रनिवड, तालमी, छत्तीस तास स्टुडिओ आणि नंतर प्रत्येक भागाच्या मिश्रणाला बसणे. तीस हजारांना तासांनी भागल्यावर येणारा दर त्यांनीच फोनवर काढला, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "हे तुमच्या कागदावर लिहा की." त्यांची सूचना मी त्याच दिवशी अमलात आणली आणि प्रत्येक मानधनाच्या ओळीखाली अंदाजे तास लिहिले. त्यानंतर तसे फोन फारसे आले नाहीत.

उलट बाजूने आलेला प्रश्न अधिक अवघड होता. आकाशवाणीच्या इंदूर केंद्रात, मालवा हाउसमध्ये, हिंदी नभोनाट्ये केलेले आमचे एक ज्येष्ठ नट मानधन घ्यायलाच तयार नव्हते. "बाळ, मला पेन्शन आहे, माझे पैसे वाचव," असे ते म्हणत. त्यांचा मोठेपणा नाकारायचा कसा? मी त्यांना इतकेच म्हटले की तुमच्यासमोर शून्य लिहिले तर पुढे अशीच श्रुतिका करणारा एखादा तरुण गट आमचा कागद पाहून समजेल की ज्येष्ठ नटाचा आवाज फुकट मिळतो, आणि ज्याला पेन्शन नाही अशा नटाला तो पैसे विचारणारच नाही. त्यांनी मानधनाच्या करारावर सही केली आणि वर्गणीदारांच्या यादीत इतरांसारखीच आपली वर्गणी वेगळी भरली. सवलत, भेट, मदत यांपैकी काहीही मिळाले तरी खर्चाच्या ओळीत पूर्ण मोल आणि जमेच्या बाजूला मदत, ही पद्धत आम्ही तेव्हापासून पाळली.

करारांबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण वकिलांच्या शुल्कावर काट मारण्याचा मोह सर्वांना होतो. भारतीय स्वामित्वहक्क कायद्याच्या १९व्या कलमानुसार हक्क हस्तांतरण लेखी असावे लागते, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत धरला जातो. आमची श्रुतिका इंटरनेटवर कोठूनही ऐकली जाणार असल्याने या दोन शब्दांना किंमत होती. एका प्रसंगात रात्रपाळीतला कामगार जुने चित्रपटगीत गुणगुणतो असे संहितेत होते. त्याच्या परवानगीचा खर्च कोणत्याही ओळीत मावत नव्हता, म्हणून लेखिकेने तेथे तुकारामांचा अभंग घेतला. अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत, परंतु एखाद्या संगीतकाराने बांधलेली प्रसिद्ध चाल तशी नाही, म्हणून नटाने तो भजनी मंडळाच्या पारंपरिक चालीत म्हटला. तो प्रसंग आता मालिकेतला माझा सर्वांत आवडता आहे.

मोहिमेत एकूण ४,३१,५०० रुपये जमले, कपातीनंतर ३,८०,५८३ हातात आले. लक्ष्यापेक्षा अधिक जमल्यास काय करणार, हे आम्ही सुरुवातीलाच लिहिले होते: नवे भाग जाहीर करायचे नाहीत, वाढलेल्या पुस्तिकांचा खर्च भागवायचा आणि मग नटांचे मानधन वाढवायचे. पैसे वाढले की काम वाढवण्याची चढाओढ अनेक मोहिमांना बुडवते, कारण वाढीव काम नेहमी वाढीव पैशापेक्षा महाग असते. पुस्तिकांना ५,८०० अधिक लागले, नऊही नटांचे मानधन चौथाईने वाढवण्यासाठी १५,००० गेले. अर्धे मानधन पहिल्या वाचनाला आणि अर्धे ध्वनिमुद्रणाच्या अखेरच्या दिवशी दिले. भाग प्रसारित होईपर्यंत कोणाचेही पैसे अडकवून ठेवले नाहीत.

आकस्मिक खर्चातून तीन वेळा पैसे काढावे लागले. मुख्य नटीचा घसा बसल्याने एक सत्र पुन्हा लावावे लागले, त्या नऊ तासांचे ६,३०० झाले. बुऱ्हाणपूरला कारखान्यातील सर्व माग एकदम चालू असताना माइकमध्ये केवळ गोंगाट येत होता. एकच माग चालवून बाकीचे थांबवायचे तर तेवढ्या वेळाची कारागिरांची मजुरी बुडत होती. ती ३,६०० रुपये आम्ही तेथल्या तेथे भरून दिली, आणि वर्गणीदारांना कळवलेल्या खर्चांपैकी याच खर्चाला सर्वाधिक दाद मिळाली. शेवटचा खर्च टपालाचा: १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आणि आम्ही धरलेल्या दराने पुस्तिका पाठवता येईनात, त्यासाठी २,८०० लागले. तिन्ही मिळून १२,७०० गेले आणि त्या ओळीत १७,२२० राहिले. मोहिमेच्या वाढीव रकमेतले ४,६६३ धरून शिल्लक २१,८८३. त्यांतून मालिका आणखी तीन वर्षे ऐकता यावी म्हणून प्रसारणसेवेचे १८,००० आगाऊ भरले, उरलेल्या ३,८८३ वर कर भरला, आणि तो हिशेब बिलांच्या प्रतींसह सर्व वर्गणीदारांना पाठवला.

त्या हिशेबात एक ओळ सुरुवातीपासून होती, जिच्यासमोर रक्कम नव्हती. निर्मितीव्यवस्था आम्ही तिघांनी केली: फोन, करार, पुस्तिकांची पाकिटे, हिशेब, सगळे. तिथे 'भागीदारांचे विनामूल्य श्रम, बाजारमूल्य सुमारे ४०,०००' असे लिहिले होते आणि तेवढीच रक्कम जमेच्या बाजूला आमची मदत म्हणून दाखवली होती. हिशेब वाचून दोन वर्गणीदारांनी विचारले की पुढच्या वेळीही हे श्रम विनामूल्यच असतील का. भागीदारांपैकी एकाचे आता लग्न ठरले आहे, दुसरीला रात्रपाळीची नोकरी लागली आहे, आणि मलाही दुसरे वर्ष असे काढता येणार नाही. पुढच्या श्रुतिकेच्या कच्च्या अंदाजपत्रकात त्या ओळीसमोर मी ४०,००० लिहिले आहेत. मंचाची कपात धरता त्यापोटी लक्ष्य सुमारे ४५,३५० रुपयांनी वाढते, आणि तेवढे अधिक मागायचे की भागांची संख्या सहावरून पाचवर आणायची, यावर आमची चर्चा सध्या चालू आहे.